स्प्रे गनने सोलर पॅनल बनवता येतं का? पैसे लावण्याआधी हे वाचा



"सर, गाडीला रंग मारतात तसा स्प्रे मारून सोलर पॅनल बनतं म्हणे. आपल्या नगरमध्ये हा धंदा चालेल का?" हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात आहे. थोडक्यात उत्तर: बनतं, हे खरं आहे. पण त्यावर आज घरची बचत लावू नका. का, ते नीट समजून घेऊ.

हे तंत्र आहे तरी काय?

छतावर दिसतात ती पॅनल बहुतेक सिलिकॉनची असतात. ऑरगॅनिक सोलर सेलमध्ये सिलिकॉनऐवजी कार्बनवर आधारलेली, प्लास्टिकच्या जातीची द्रव्यं वापरतात. सेंद्रिय शेतीशी याचा काही संबंध नाही. प्लास्टिकमधूनही वीज वाहू शकते, या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही द्रव्यं द्रावकात विरघळतात, म्हणजे त्यांची शाई होते. आणि शाई फवारता येते. काम असं चालतं:

1. वीजवाहक पारदर्शक थर असलेली काच किंवा प्लास्टिक स्वच्छ धुऊन घ्यायचं.
2. त्यावर पेडॉट-पीएसएस नावाच्या पाण्यातल्या द्रव्याचा थर फवारून वाळवायचा.
3. मग मुख्य थर. यात दोन द्रव्यं मिसळलेली असतात. ऊन पडलं की एक इलेक्ट्रॉन देतं, दुसरं घेतं.
4. वर चांदी किंवा अॅल्युमिनियमचा थर. हा बहुधा निर्वात यंत्रात चढवतात.
5. शेवटी हवा आणि ओल आत जाणार नाही असं सीलबंद करायचं.

मुख्य थर साधारण 100 नॅनोमीटरचा असतो, वहीच्या कागदाच्या हजाराव्या भागाइतका. एक चौरस मीटरला जेमतेम 0.1 ग्रॅम द्रव्य बसतं. म्हणून तर सगळ्यांना हे स्वस्त वाटतं!

मग अडतं कुठे?

गॅरेजमधल्या पेंटरला विचारा. रंग ओला पडला तर ओघळतो, कोरडा पडला तर खरखरीत होतो. इथेही तेच, फक्त चुकीला माफी नाही. थरात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं, तरी वरचा धातू खालच्या थराला टेकतो आणि सेल शॉर्ट होतो.

दुसरं, मुख्य थरासाठी क्लोरोबेंझिनसारखे द्रावक वापरतात. त्यांचा फवारा श्वासातून आत जाणं घातक. घराच्या पडवीत हा प्रयोग अजिबात करू नका.

तिसरं, वीज. प्रयोगशाळेत नखाएवढ्या सेलवर 19-20 टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. पण सहज मिळणाऱ्या जुन्या द्रव्यांवर 3 ते 5 टक्केच धरा. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊर्जा पडते. त्यातून तुम्हाला 30 ते 50 वॅट मिळणार. बाजारातलं सिलिकॉन पॅनल तेवढ्याच जागेत 200 वॅट देतं, वर 25 वर्षांची वॉरंटी. गिऱ्हाईक कुणाकडे जाईल?

अमेरिकेतली कोनार्का कंपनी आठवा. 2001 साली सुरू झाली, नोबेलवाले हीगर स्वतः संस्थापकांपैकी एक. कोट्यवधी डॉलर लागले, तरी 2012 मध्ये दिवाळं निघालं. तंत्र खोटं नव्हतं. बाजारात ते सिलिकॉनपुढे टिकलं नाही.

आपल्या जिल्ह्यात काम कुठे आहे?

नगर जिल्ह्याला सूर्य नवा नाही. शिर्डीच्या प्रसादालयासाठी 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होऊ लागला. तिथे काय चाललं? माहितीतलं तंत्र आणि रोज पंगतीला बसणारी माणसं, म्हणजे पक्की मागणी.

आज पक्की मागणी छतावरच्या पॅनलला आहे. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी 1 किलोवॉटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्तला 78 हजार रुपये अनुदान ठरलं. अर्ज करण्याआधी चालू नियम पोर्टलवर बघा. या अनुदानात मान्यताप्राप्त पॅनलच चालतात, घरी फवारलेलं नाही.

पण स्टँड बनवणं, वायरिंग, अर्ज भरून देणं, धूळ बसलेली पॅनल धुणं ही कामं इथल्याच माणसांनी करायची आहेत. वेल्डिंग किंवा वायरमनचं काम येत असेल तर तुम्ही अर्धी वाट चाललेलेच आहात. शिकायचं असेल तर 'सूर्यमित्र' प्रशिक्षणाची चौकशी करा.

"सोलर स्प्रेचं मशीन घ्या" म्हणणाऱ्याला तीन प्रश्न

- तयार पॅनल उन्हात ठेवून, मीटर लावून किती वॅट येतात ते दाखवाल का?
- दोन पावसाळे काढलेला नमुना आणि तपासणीचा दाखला आहे का?
- माझा माल कोण घेणार? नाव आणि लेखी ऑर्डर दाखवा.

एकाही प्रश्नाला "नंतर बघू" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन उठा. तंत्रावर लक्ष ठेवा, शिकत राहा. उद्या ते पक्कं झालं तर सौर कामाचा अनुभव आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे आधीच असेल.