अप्रमादाची घंटा : आगसूचक यंत्रणेची ओळख आणि निवड

दरवर्षी १४ एप्रिल रोजी आपण बाबासाहेबांची जयंती उत्साहाने साजरी करतो. त्याच दिवशी देशभरातील अग्निशमन दले आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली आणि चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला. गोदीत राबणाऱ्या मजुरांना आणि आसपासच्या वस्तीला मधल्या दोन तासांत धोक्याची खरी कल्पना नव्हती. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. बाबासाहेबांनी त्या दिवशी वयाची ५३ वर्षे पूर्ण केली होती आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या घटनेतून एकच गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. आगीचा धोका कळणे आणि तो सर्वांना वेळेत कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगसूचक यंत्रणा ही दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

आपल्या वसतिगृहातील एक प्रसंग या निमित्ताने सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री डासांच्या कॉइलची ठिणगी एका गादीत शिरली. कापूस पेटला नाही; तो आतल्या आत धुमसत राहिला. सातवीतील एक विद्यार्थी पाणी पिण्यासाठी उठला, त्याला धुराचा वास आला आणि त्याने अधीक्षकांचे दार ठोठावले. कोणालाही इजा झाली नाही. सकाळी सर्वांनी त्या मुलाचे कौतुक केले, आम्हीही केले. परंतु नंतर मनात आले की, त्या रात्री एका खोलीत झोपलेल्या सगळ्या मुलांचे रक्षण एका मुलाच्या तहानेने केले. आम्ही शिक्षकांनी आणि व्यवस्थापनाने त्यासाठी काहीच केलेले नव्हते.

आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा येथील रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बालकांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक गुदमरून गेली. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील, हा समज चुकीचा आहे. विषारी वायू झोप अधिक गाढ करतो. म्हणून आपण झोपलो असताना जागे राहणारे काहीतरी घरात असावे लागते.

या यंत्रणेचे मुख्य भाग चार. धूर वा उष्णता ओळखणारा शोधक. माणसाने स्वतः दाबायचा लाल रंगाचा सूचनाखटका. सर्व संदेश गोळा करणारा नियंत्रण फलक. आणि इशारा देणारा भोंगा. वीज गेली तरी हे सर्व चालावे यासाठी बॅटरी असते. आग लागली की पहिल्यांदा वीजच जाते, त्यामुळे बॅटरीविना यंत्रणा ही केवळ भिंतीची शोभा होय.

शोधकांचे प्रकार समजून घेतले की निवड सोपी होते. प्रकाशीय धूरशोधकाच्या आत प्रकाशाचा एक किरण असतो. धुराचे कण आत शिरले की तो प्रकाश विखुरतो आणि इशारा वाजतो. गादी, कपडे, वायरचे आवरण अशा धुमसणाऱ्या आगी हा लवकर ओळखतो, म्हणून झोपण्याच्या खोल्यांसाठी तो योग्य. उष्णताशोधक दोन रीतींनी चालतो : तापमान ठरावीक मर्यादेच्या, साधारणतः ५७-५८ अंश सेल्सिअसच्या, पुढे गेले की किंवा ते अकस्मात वेगाने वाढू लागले की. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर रोजचाच असल्याने तेथे उष्णताशोधकच बसवावा. गॅसगळती ओळखणारे उपकरण निराळे असते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून ते उपकरण खाली बसवावे लागते. धूर वर चढतो, म्हणून धूरशोधक छताला. हे उलटे बसवलेले आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि तेही बसवणाऱ्याने पूर्ण पैसे घेऊन.

घरासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. बॅटरीवर चालणारा, भोंगा अंगातच असलेला स्वतंत्र धूरशोधक पुरेसा असतो. एक झोपण्याच्या खोलीत, एक खोल्यांबाहेरील वाटेत आणि घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. परस्परांशी जोडलेली उपकरणे मिळाली तर उत्तम, कारण खालच्या मजल्यावर धूर झाला तर वरच्या खोलीतील भोंगाही वाजतो. बेताच्या स्मार्टफोनच्या किमतीत घरापुरती दोन-तीन उपकरणे येतात. ती छताच्या कोपऱ्यात अगदी भिंतीला चिकटवून बसवू नयेत, तसेच पंख्याच्या झोतातही बसवू नयेत. पंखा धूर दूर ढकलतो आणि शोधक आंधळा होतो.

दुकान, कारखाना, दवाखाना किंवा वसतिगृह यांना नियंत्रण फलक असलेली यंत्रणा हवी. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पारंपरिक यंत्रणेत इमारतीचे विभाग पाडतात आणि फलकावर फक्त विभागाचा दिवा लागतो; लहान जागेला ही स्वस्त व पुरेशी. पत्ताधारित यंत्रणेत प्रत्येक शोधकाला स्वतःची ओळख असते, त्यामुळे आग नेमक्या कोणत्या खोलीत आहे हे फलकावर अक्षरांत उमटते. अनेक खोल्यांच्या इमारतीत रात्री दोन वाजता ही माहिती फार मोलाची ठरते. जुन्या इमारतीत भिंती फोडणे शक्य नसेल तर बिनतारी यंत्रणाही मिळते; तिच्या बॅटऱ्या वेळच्या वेळी बदलण्याची शिस्त तेवढी अंगी हवी.

विक्रेत्याला काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. शोधकांना भारतीय वा मान्य आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र आहे काय? मांडणी आयएस २१८९ या भारतीय मानकानुसार केली आहे काय? वीज गेल्यावर यंत्रणा किती तास चालेल? निदान २४ तास चालणे अपेक्षित आहे. दार बंद करून झोपलेल्याच्या उशापाशी आवाज किती पोहोचेल? झोपलेल्याला उठवण्यासाठी तेथे ७५ डेसिबल आवाज हवा, असा दंडक आहे. देखभाल कोण करील आणि किती दिवसांनी? जो विक्रेता जागा न पाहता दर सांगतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा.

यंत्रणेचा खरा शत्रू खोटा इशारा. विहारात वंदनेच्या वेळी मेणबत्त्या आणि अगरबत्त्या असतात. त्यांच्या थेट वर धूरशोधक बसवला तर तो वारंवार वाजेल आणि एके दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवील. धूळ आणि कीटक आत शिरल्यानेही असे होते. अशा वेळी शोधक बंद न करता त्याची जागा किंवा प्रकार बदलावा. महिन्यातून एकदा चाचणीची कळ दाबावी, धूळ पुसावी. घरगुती धूरशोधक दहा वर्षांनी बदलावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची वा भोगवटादाराची आहे. तो कायदा लागू असलेल्या इमारतींना परवानाधारक संस्थेचे ‘यंत्रणा सुस्थितीत आहे’ असे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

इशारा वाजला तरी बाहेर पडण्याची वाट मोकळी नसेल तर सर्व व्यर्थ. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ जण जागच्या जागी जळाले. त्याच राज्यात कुंभकोणम येथील शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ बालके गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. शिक्षणासाठी लेकरे दूर पाठवणाऱ्या आपल्या समाजाने हा निर्णय घरोघरी सांगावा असा आहे. रात्री वसतिगृहाच्या दाराला कुलूप असेल तर त्याची किल्ली कोठे आहे, हा प्रश्न पालकांनी आम्हांला विचारावा. तो विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

त्याच कारणासाठी घंटेचा सराव हवा. लहान मुले भोंग्याच्या आवाजाने जागी होतीलच असे नाही. पहिल्या सरावात आपल्या वसतिगृहातील धाकटी मुले भोंगा वाजत असताना शांत झोपली होती. आता प्रत्येक धाकट्याला उठवण्याची जबाबदारी शेजारच्या खाटेवरील मोठ्या मुलाकडे आहे, आणि सर्वांनी पिंपळाखाली जमून हजेरी द्यायची असा नियम आहे.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादाचा, म्हणजे सदैव सावध राहण्याचा, मार्ग सांगितला. माणूस चोवीस तास सावध राहू शकत नाही. म्हणून आपल्या सावधपणाचा काही भाग तो यंत्राकडे सोपवतो आणि त्या यंत्राची काळजी स्वतःकडे ठेवतो.

अनेक माजी विद्यार्थी प्रेमाने विचारतात की, शाळेला काय भेट द्यावी? मुलींच्या वसतिगृहात आणि नव्या अभ्यासिकेत अद्याप आगसूचक यंत्रणा नाही. कोनशिलेवर नाव कोरण्यासारखी ती वस्तू नव्हे, आणि ती कधी वाजूही नये अशीच आपली इच्छा असणार. तरीही आमची विनंती हीच आहे. पुढच्या वेळी कोणत्याही मुलाच्या तहानेवर आपल्याला विसंबावे लागू नये.