बेणणीचा दिवस

पहाटे ५.३०
चहाआधी बांधावर फेरी. कर्जतच्या आमच्या बाजूला पावसाला तोटा नाही, तरी खाचरातलं पाणी एका रात्रीत उतरतं, कारण खेकडे बांध पोखरतात. मुठीएवढ्या भोकातून पाणी खालच्या खाचरात गेलं की वरचे उंचवटे उघडे पडतात आणि तण नेमकं तिथेच उगवतं. चार-पाच सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर बरंचसं बी रुजतच नाही. म्हणून बेणणी बांधापासून सुरू होते, असं मी मानते. भोकांत पेंढा आणि चिखल कोंबून टाचेने चेपला. आज ज्या खाचरात उतरायचं, त्याचं पाणी मात्र मुद्दाम काढून दिलं.

सकाळी ८.००
सावडीच्या बायका आल्या. आज आमच्यात, उद्या त्यांच्यात. पैसे मोजूनही माणूस मिळत नाही, आणि बेणणी आधीपासून बायकांच्याच कंबरेवर. लावणी होऊन चौथा आठवडा लागलाय. भात फुटवे धरतो ते याच दिवसांत. या काळात तणाने खाल्लेलं खत आणि अडवलेलं ऊन पुढे काही केल्या भरून येत नाही.

लव्हाळ्याच्या जातीचं तण कळायला सोपं. दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. माका पांढऱ्या फुलावरून ओळखू येतो. फसवतो तो सावा. भाताच्याच चुडात, भाताच्याच उंचीचा, तसाच हिरवा. नवी सून गोंधळली तेव्हा आमच्या सासूबाईंनी तिचा हात धरून दाखवलं, "शेंड्याकडे नको बघू गं, सांध्यात बघ." पान खोडाला जिथे धरतं, तिथे भाताला पातळ, पांढरट जिभली असते आणि कडेला बारीक केसाळ कान. साव्याचा सांधा कोरा. बुंधाही बहुधा लालसर आणि चपटा. एकदा डोळ्यांना सवय झाली की हात आपोआप तिकडे जातो.

रुंद पानांचं तण तिथेच चिखलात दाबतो, कुजून त्याचं खत होतं. सावा दाबून भागत नाही, पुन्हा मूळ धरतो. त्याचा भारा गुरांना.

११.००
खालचं खाचर दोरीवर लावलंय, ओळींमध्ये अंतर राखून. तिथे आमचे हे कोनोवीडर ढकलतात. तण उलटं होऊन गाडलं जातं, चिखलही हलतो. पण चुडाला बिलगलेल्या तणापर्यंत यंत्र पोचत नाही, तिथे हातच लागतो.

दुपारी १.००
तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुर्डूची भाजी. कुर्डू बांधावरचाच.

२.३०
फवारणीचा विषय निघतोच. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात चिखलणीच नाही, त्यामुळे तणनाशकावर बराच भार असतो. माणसं मिळत नसतील तर औषध वापरावं, माझा विरोध नाही. पण वेळ पाळली पाहिजे. प्रेटिलाक्लोर लावणीनंतर पहिल्या काही दिवसांतच, तण उगवण्याआधी. बिसपायरिबॅक तण दोन ते चार पानांवर असताना, पाणी काढून. आमच्या खाचरातला सावा आता त्याच्या पुढे गेलाय. शिवाय वर्षानुवर्षं एकच औषध मारलं, तर त्याला दाद न देणारं तण मागे उरतं आणि त्याचंच बी पसरतं.

४.३०
बेणून झालेल्या खाचरात युरियाचा दुसरा हप्ता. क्रम उलटा झाला तर आधी सावा जेवतो. आभाळ भरून आलेलं असतं, तर खत घरातच ठेवलं असतं. मुसळधार पावसात ते ओढ्याला जातं. आज उघडीप आहे. पाणी उद्या कोंडायचं.

संध्याकाळी ६.३०
दिवसभर चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. त्यांवर वाटलेली मेंदी लावायची आणि पाय कोरडे ठेवायचे. जाऊबाईंच्या खाचरातला सावा पोटरीवर आलाय. कणसं फुटून बी झडलं, तर पुढची कित्येक वर्षं तेच उगवत राहील. म्हणून उद्या सातलाच त्यांच्याकडे उतरायचं ठरलं.