मुलांसाठी पहिला हेडफोन घेताना
पालकांनो, अभ्यासासाठी मुलाला हेडफोन घ्यायचाय आणि बजेट कमी आहे? मग वायरचाच बघा. बॅटरी, ब्लूटूथचा खर्च नसल्याने तेवढ्याच पैशात आवाज सहसा चांगला मिळतो. फक्त मोबाईलला ३.५ मिमीची पिन बसते का, ते आधी तपासा.

कान पूर्ण झाकणारा, मऊ गादीचा घ्या. बाहेरचा गोंगाट कमी आला की मूल आवाज वाढवत नाही. दुकानात ओळखीची कविता लावून ऐका. शब्द स्पष्ट कळले पाहिजेत, नुसती धमधम नको.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. म्हणून मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या आतच ठेवा. हेडफोन बिघडला तर दुसरा आणता येतो, पण मोठ्या आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.