विश्लेषण : एसयूव्हीचे सस्पेन्शन अकाली का वाजते? बिल नेमके कुठे फुगते?

कोल्हापूर–हुपरी रस्त्यावर गडमुडशिंगी परिसरात ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीला बाजू द्यायची म्हटले, की गाडीचे एक चाक साइडपट्टीवर उतरते. डांबराच्या कडेवरून ते पुन्हा वर घेताना दणका बसतो. उंच गाडीत बसलेल्यांना तो फारसा जाणवत नाही, पण चाकामागच्या रबरी बुशला तो पुरेपूर लागतो. असे होता होता एक दिवस पुढून ‘टकटक’ सुरू होते आणि गॅरेजमधून पूर्ण सस्पेन्शन बदलण्याचे एस्टिमेट हातात पडते. खरोखर एवढे सगळे बदलावे लागते का?

गाडी दणकट, मग झीज लवकर का?

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतले अंतर. त्याचा सस्पेन्शनच्या आयुष्याशी थेट संबंध नाही. सध्याच्या बहुतेक लहान-मध्यम एसयूव्हींची मांडणी हॅचबॅकसारखीच असते : पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. वजन मात्र जास्त. त्यात मोठी अलॉय चाके आणि कमी जाडीचे टायर असतील, तर धक्का शोषायला टायरमधली हवाही कमी पडते.

खरे कारण बहुधा चालवण्यात असते. छोट्या गाडीचा चालक खड्डा पाहून ब्रेक दाबतो. एसयूव्हीचा चालक ‘ही गाडी आहेच त्यासाठी’ म्हणून तसाच जातो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि त्या हिशेबाने खड्ड्याचा फटकाही वाढतो. गतिरोधकांचाही यात वाटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुरक्षित जाते. गावोगावचे अरुंद उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात.

आवाजावरून काय ओळखायचे?

कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. हा भाग स्वस्त आणि बदलायला सोपा. स्टीअरिंग वळवताना कटकट आली तर स्ट्रट माउंट. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा व्हील बेअरिंगची किंवा टायरची असते, सस्पेन्शनची नव्हे. ब्रेक लावताना दणका किंवा टायरची आतली कड खाल्लेली दिसली तर लोअर आर्मचे बुश आणि अलाइनमेंट तपासावे. शॉकअपवर तेल ओघळलेले असेल, तर सील गेले. बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला, तर मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये; तो निसटला की चाक आडवे होते.

बिल कुठे वाढते?

लिंक रॉडचे काम शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत आटोपते. शॉकअपची जोडी, लोअर आर्म, माउंट असे एकत्र आले की आकडा वीस-तीस हजारांकडे सरकतो. अनेक मॉडेलमध्ये कंपनी बुश सुटा न देता संपूर्ण आर्मच देते, त्यामुळे छोट्या रबरासाठी मोठा भाग घ्यावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो दर लागला आहे का, हे पाहावे.

एस्टिमेटला होकार देण्यापूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन कोणत्या भागात खेळ आहे ते दाखवायला सांगा. शॉकअप एकाच ॲक्सलवर जोडीने बदलणे योग्य. पुढचे गेले म्हणून मागचेही बदलणे ही सक्ती नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे असतात. चाके लटकत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुशही काही महिन्यांत फाटतो. ‘आत्ताच बदलले होते’ या तक्रारीमागे हेही कारण असू शकते.

विम्यातून मिळते का?

झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसत नाहीत. खड्ड्यात आदळून आर्म वाकला, तर तो अपघात म्हणून दावा करता येतो; मात्र झिरो-डेप नसेल तर रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि १५०० सीसीवरील गाडीला २,००० रुपये स्वतः सोसावे लागतात.

दावा करण्याआधी हिशेब करावा. समजा, ओन-डॅमेज प्रीमियम १५,००० रुपये आहे आणि यंदाही दावा केला नाही तर नो क्लेम बोनस ३५ वरून ४५ टक्के होणार आहे. ७,००० रुपयांच्या दाव्यातून घसारा न कापताही हाती ५,००० येतील, आणि पुढच्या वर्षीची ६,७५० रुपयांची सवलत जाईल. खिशातून भरलेले बरे!

वॉरंटी नाकारली तर?

बुश, शॉकअप यांसारख्या भागांना अनेकदा कमी मुदतीची वॉरंटी असते. पुस्तिकेत ते पान शोधून ठेवावे. आवाज सुरू होताच, मुदत संपण्याआधी, जॉबकार्डवर तक्रार लिहून घ्यावी. ‘नॉर्मल आहे’ असे तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजचा पर्याय आहेच. शिवाजी उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत वाहनांचे भाग घडवणाऱ्या या जिल्ह्यात जाणते कारागीर कमी नाहीत. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. त्याविरुद्ध कंपन्या न्यायालयात गेल्या.

रस्त्याच्या यंत्रणेकडून भरपाई मिळवणे अवघड. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, पण तो माणसांसाठी आहे, गाडीसाठी नाही. सदोष भाग किंवा चुकीच्या दुरुस्तीसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी बिल, जॉबकार्ड आणि बदललेला जुना भाग आपल्याकडे हवा. गॅरेजमधून निघतानाच तो मागून घ्यावा.