मागणी कोणाची, तपासणी कोणाची?

मुंबई महानगरपालिकेचे अंदाजपत्रक म्हणजे निव्वळ जमाखर्चाचे कोष्टक नव्हे. येत्या वर्षी शहराच्या कोणत्या गरजेला आधी हात घालावयाचा आणि कोणती गरज ताटकळत ठेवावयाची, याचा तो निर्णय असतो. फेब्रुवारीच्या प्रारंभी आयुक्तांनी ते स्थायी समितीपुढे मांडावे व मार्चअखेर महापालिकेच्या सभेने मंजूर करावे, अशी कायद्याची व्यवस्था आहे. परंतु पुष्कळसा निर्णय त्याआधीच, निरनिराळ्या खात्यांच्या मागण्या तपासताना, होऊन गेलेला असतो. आणि नागरिकांचे लक्ष नेमके तेथेच नसते.

या मागण्यांची रीत कचेरीत काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे. कपात होणारच म्हणून खाते मागणी फुगविते. ती फुगविलेलीच असणार म्हणून हिशेबनीस ती छाटतो. या घासाघिशीत ज्याचा आवाज मोठा, त्याची सरशी होते. पुलामागे कंत्राटदार असतो, कोनशिला असते, समारंभ असतो. पालिका शाळेतील प्रयोगशाळेमागे, दवाखान्यातील औषधांच्या कपाटामागे, कचरा उचलणाऱ्या कामगाराच्या हातमोज्यांमागे कोण उभे असते?

म्हणून तपासणाराने पहिला प्रश्न विचारावयाचा तो ‘यंदा किती हवे?’ हा नव्हे. ‘गतवर्षी दिले त्याचे काय झाले?’ हा होय. मिळालेली रक्कम पडून राहिली असेल तर का राहिली, आणि मार्चच्या अखेरीस घाईने खर्ची पडली असेल तर कशावर पडली, याचा जबाब मिळाल्याखेरीज नव्या मागणीचे पान उलटू नये.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुंबईकरांना फुकट मिळालेला नाही. १८६५ साली आयुक्तपदी आलेले आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते. त्यांच्या काळात उभी राहिलेली मंडई आजही त्याची साक्ष देते. पण त्यांच्या खर्चाला आवर घालणारा कोणी नव्हता. १८७१ साली करदाते खवळले आणि १८७२ च्या कायद्याने त्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली होती. मात्र समर्थ आयुक्तावर लोकनियुक्त सभेची देखरेख हवी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १८८८ च्या कायद्यात हेच तत्त्व दृढ झाले.

त्या तत्त्वाला अलीकडे मोठा खंड पडला. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत ५२,६१९ कोटी रुपयांचे, तर २०२५ च्या फेब्रुवारीत ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक सादर झाले. मांडणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासनच! अधिकाऱ्यांच्या सचोटीविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु विद्यार्थी कितीही हुशार असला, तरी त्याची उत्तरपत्रिका त्याच्याच हाती तपासावयास देत नाहीत.

जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन ही अनवस्था संपली. मात्र सभागृह भरले म्हणजे तपासणी झाली, असे नव्हे. आपल्या प्रभागाच्या पदरात काही पडले की हात वर करून मोकळे व्हावयाचे, ही जुनी सवय प्रशासकीय राजवटीपेक्षा फारशी बरी नाही. प्रत्येक खात्याची मागणी, त्याला गतवर्षी मिळालेली तरतूद आणि प्रत्यक्ष झालेला खर्च ही तीन माहिती शेजारी शेजारी, सोप्या मराठीत, स्थायी समितीच्या बैठकीपूर्वी प्रसिद्ध करावी, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी नवा कर नको की नवे खाते नको.

ज्यांची मागणी मांडावयास कोणी नसते, त्यांचा वकील तो तक्ताच होईल. तो मागण्याचे काम मात्र करदात्यांनीच केले पाहिजे.