वीस वर्षांची गॅप, आणि मग ‘हॅलो’!

‘मॅडम, तुमच्या सीव्हीत अकरा महिन्यांची गॅप दिसतेय. या काळात काय केलंत?’

फोनवरचा एचआरवाला अगदी गोड आवाजात विचारत होता. मी रत्नागिरीला घरी, मागच्या पडवीत बसले होते. खरं उत्तर सोपं होतं. आधीच्या कंपनीच्या करारात एक कलम होतं : नोकरी सोडल्यावर वर्षभर याच लाईनमधल्या दुसऱ्या कुणाकडे काम करायचं नाही. सही करताना मी ते पान वाचलंच नव्हतं. (तुम्ही वाचता? खरं सांगा!) मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन ठेवला.

आत बाबांनी टेपरेकॉर्डर लावला होता. ट्रम्पेट, ड्रम्स आणि वर एक बाईचा आवाज. जाडसर, थोडा खरखरीत, एकदम बिनधास्त. भाषा कोकणी, चाल मात्र थेट एखाद्या अमेरिकन क्लबातली.

‘ही कोण हो बाबा?’

‘लॉर्ना. म्हापशाच्या बाजारात घेतलेली कॅसेट आहे, तुझ्या जन्माच्या आधीची. तुझं ते गॅपचं रडगाणं हिला सांग एकदा!’

ट्रम्पेटवाले चाकरमानी

मग मी शोधायला लागले, आणि सॉलिड गोष्ट हाती लागली.

आपल्या रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईत गिरणीत गेला, गिरगाव-परळच्या गावकीच्या खोलीत राहिला. गोव्याचा चाकरमानीही मुंबईलाच आला. धोबीतलावच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावाच्या क्लबात, ट्रंक टाकून राहिला. फरक एवढाच, की त्याच्या काखेत बरेचदा ट्रम्पेट किंवा व्हायोलिन असायचं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकवत. त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजव, अशी तयारी. ही माणसं रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तला (1951) तो ठसका आठवतो? त्यांच्या साथीला होता आल्दोन्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

याच परंपरेतला ख्रिस पेरी. मूळ आडनाव परेरा, जन्म 1928, मडगावचा. ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली बांधायचा, बँड चालवायचा. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने 1949 साली कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव दिलं. ते वारं जॅझ, स्विंग आणि लॅटिन ठेक्यांबरोबर मुंबईच्या हॉटेलांतही शिरलं होतं. बँडवाले ती गाणी इंग्रजीत वाजवायचे. पेरीने काय केलं, तर तोच ठेका घेतला आणि त्यावर कोकणी शब्द बसवले. ‘बेबडो’ म्हणजे दारुडा, ‘पिसो’ म्हणजे वेडा. विषय वाडीवरचे, ठेका क्लबातला.

आणि हे गायला त्याला मिळाली लॉर्ना कोर्देरो. जन्म 1946. म्हणजे बँडमध्ये आली तेव्हा आपल्या फर्स्ट इयरच्या पोरींएवढी! चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये ती दोघं गाजली. त्यांच्या रेकॉर्ड्स गोव्यात घराघरात वाजू लागल्या, आणि लॉर्ना झाली ‘गोव्याची नाइटिंगेल’.

एक सही

आता मुख्य मुद्दा. पेरी विवाहित होता. स्टेजवरची जोडी स्टेजबाहेरही जुळली आणि पुढे फिसकटली. त्यानंतरची गोष्ट गोव्यात वर्षानुवर्षं सांगितली जाते, छापूनही आलीय : दोघांत एक करार होता, आणि त्यानुसार लॉर्नाला दुसऱ्या कुठल्याही बँडबरोबर गायची बंदी होती. मुदत वीस वर्षं.

वीस! मी अकरा महिन्यांसाठी रडत होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ना गायची थांबली. तिची गाणी रेडिओवर लागत राहिली, लग्नांत वाजत राहिली, लोक नाचत राहिले. ती स्वतः मात्र गप्प. पेरी पुढे दुबईला गेला, तिथे त्याने संगीत शिकवलं.

मग 1995 साल उजाडलं. संगीतकार रॉनी मोन्सेरात तिच्यामागे लागला आणि तिला पुन्हा माइकसमोर उभं केलं. अल्बमचं नाव ‘हॅलो लॉर्ना’, आमच्या घरातली कॅसेट ती हीच. पणजीला मिरामारवर ती स्टेजवर आली, तेव्हा गर्दी लोटली. तिच्या ऐन भरातली रेकॉर्ड वाजत असताना ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशी पोरंसुद्धा ओळीन् ओळ म्हणत होती.

वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. पण मग मी एक हिशेब मांडला. ती थांबली तेव्हा पंचविशीची होती, परतली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. म्हणजे तुमचं-माझं आत्ताचं वय, आणि त्यापुढची सगळी तिशी आणि चाळिशी. त्या काळातला तिचा आवाज कसा होता? कुणालाच ऐकायला मिळणार नाही. त्याची कॅसेट निघालीच नाही. ‘कमबॅक’ म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो, पण गेलेली वर्षं कमबॅकमध्ये परत मिळत नाहीत.

आणि दुसरी बाजूही आहेच. ती गाणी पेरीचीच होती. त्याच्याशिवाय ती लॉर्ना नसती, आणि तिच्याशिवाय ती गाणी इतकी लांब पोचली नसती. 2002 साली पेरी गेला. 2014 मध्ये बारद्रॉय बार्रेटोने याच गाण्यांवर ‘नाचूंया कुंपासार’ हा सिनेमा केला. बँडवाला आणि त्याची गायिका, नावं बदललेली, पण गोव्यात कुणाला कळायचं राहिलं नाही. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि नायिका झालेल्या पालोमी घोषचाही विशेष उल्लेख झाला. ठेका आवडत असेल तर जरूर बघा. भाषेची भीती नको, आपल्या मालवणीच्या कानाला अर्धी कोकणी तशीच समजते.

कलम नऊ

त्या एचआरवाल्याचा आठवड्याने परत फोन आला. या वेळी मी सरळ सांगितलं, ‘आधीच्या करारामुळे थांबले होते. त्या काळात वाचलं, लिहिलं, घरी राहिले.’ तो ‘ओके’ म्हणाला. एवढंच!

दोन दिवसांनी मेलवर करार आला. चौदा पानं. मी प्रिंट काढली आणि पडवीत बसले. बाबांनी सैल झालेली टेप गुंडाळायला पेन्सिल घेतली होती, ती मागून घेतली. आत लॉर्ना गात होती. कलम नऊशी आले आणि थांबले. तेच वाक्य, तेच वर्षभर.

खाली रेघ मारली आणि फोन उचलला. ‘सर, सही करायच्या आधी एक विचारायचं होतं...’