टेम्पोतला माणूस कोण होता? मालवाहू गाडीचा विमा आणि भरपाईचा प्रश्न

'टेम्पो उलटून मजूर ठार' ही बातमी आता कुणी थांबून वाचत नाही. वस्तीत मात्र त्या दिवशी एकच प्रश्न फिरत असतो : गाडीचा विमा होता का? होता, असे कळले की नातेवाइकांना धीर येतो. पैसे आज ना उद्या मिळतील असे वाटते. पण मालवाहू गाडीच्या अपघातात एवढ्यावर भागत नाही. मेलेला किंवा जखमी झालेला माणूस त्या गाडीत कोण म्हणून बसला होता, यावर विमा कंपनी पैसे देणार की हात वर करणार हे ठरते. ते ठरते अपघातानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, पोलिसांच्या कागदावर. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा असल्याशिवाय कोणतीही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ट्रान्सपोर्ट कंपनीचा सोळा चाकी ट्रक असो वा आपल्या पोराने कर्जावर घेतलेला छोटा हत्ती, नियम एकच. थर्ड पार्टी म्हणजे गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले तो तिसरा माणूस. ट्रकने सायकलवाल्याला उडवले, रस्त्याकडेला उभ्या बाईला चिरडले, तर ती तिसरी व्यक्ती. न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनीने भरायची. इथे फारसा वाद नसतो.

वाद सुरू होतो तो गाडीच्या हौद्यात बसलेल्यांबद्दल. ट्रक हा माल नेण्यासाठी आहे, माणसे नेण्यासाठी नाही, ही कायद्याची भूमिका. सन १९९९ मध्ये सतपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालगाडीतल्या प्रवाशालाही विम्याचे संरक्षण आहे असे म्हटले होते. २००२ मध्ये आशा राणी खटल्यात तो निकाल फिरवला गेला. २०१९ च्या दुरुस्तीने तर कलम १४७ मध्येच लिहून टाकले की मालवाहू गाडीतला फुकट बसलेला प्रवासी विम्यात येत नाही. भाडे देऊन बसलो होतो म्हटले तरी सुटका नाही, कारण मालगाडीत भाड्याने माणसे बसवायची परवानगीच नसते. लग्नाचे वऱ्हाड, कामावर निघालेले सेंटरिंगचे मजूर, ६ डिसेंबरला किंवा १ जानेवारीला पिकअपमध्ये दाटीवाटीने निघालेली माणसे, सगळी याच खात्यात जातात. ज्याला एसटी वेळेवर मिळत नाही आणि जीप परवडत नाही, तोच हौद्यात बसतो. कायदा करणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला दोन अपवाद आहेत आणि आपल्या कामाचे तेच आहेत. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याला संरक्षण आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून हे शब्द कायद्यात आहेत. स्वतःचे भाजीचे कॅरेट घेऊन पहाटे मार्केटला निघालेली बाई ही फुकटची प्रवासी नाही, ती मालाची मालक आहे. दुसरा अपवाद गाडीमालकाने कामावर ठेवलेल्यांचा : ड्रायव्हर, क्लिनर, माल चढवणारा-उतरवणारा हमाल. त्यांना कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येते. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. स्वतःच्या हातून ट्रक उलटलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना तर हाच रस्ता उरतो. किती कर्मचाऱ्यांसाठी प्रीमियम भरला आहे ते पॉलिसीवर लिहिलेले असते, ते बघावे. मात्र कलम १६७ प्रमाणे दोन्ही कायद्यांखाली भरपाई घेता येत नाही, एकच निवडावा लागतो.

आता होते काय? हमाल मरतो, फिर्याद लिहिताना हवालदार 'टेम्पोतील प्रवासी' असे लिहितो, घरचे रडत असतात, मुकादम गप्प बसतो. पुढे त्या एका शब्दावर कंपनीचा वकील उभा राहतो. म्हणून पहिल्याच जबाबात तो कुणाच्या कामावर होता, गाडीत कोणता माल होता, तो कुणाचा होता, हे लिहून घ्यायला लावा. मालाची पावती, मजुरीची नोंद, मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा. खोटे काही सांगू नका. नसलेला माल दाखवला आणि उलटतपासणीत उघडा पडला तर खरा दावाही जातो. कोणताच अपवाद लागू नसेल तरी मालक आणि ड्रायव्हरची जबाबदारी संपत नाही. काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगितले आहे. ड्रायव्हरचे लायसन्स किंवा गाडीचे परमिट नीट नव्हते, अशा प्रकरणांतही हाच मार्ग अनेकदा वापरला जातो.

रकमेचा हिशोब कार्यकर्त्याला तोंडपाठ असावा. समजा ३२ वर्षांचा, महिना १५,००० रुपये कमावणारा मजूर रस्त्यावर ट्रकखाली गेला. मागे बायको, दोन मुले, आई. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात : २१,००० रुपये. चार अवलंबितांसाठी स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. अंत्यविधी, सहवास गमावणे वगैरेची रक्कम वेगळी. घरकाम करणाऱ्या बाईचेही उत्पन्न धरावे लागते, 'ती काही कमवत नव्हती' हे उत्तर चालत नाही.

आणि कंपनीचा माणूस घरी येऊन काय सांगतो? कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, सही करा. रक्कम खरी आहे, पण ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. चूक सिद्ध होण्यासारखी नसेल तर ५ लाख घेण्यात शहाणपण आहे. पुरावा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नये.

ट्रक पळून गेला, नंबरच मिळाला नाही, तर १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार अशी सरकारी योजना आहे. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा. विम्याशिवाय फिरणारी गाडी सापडली तर ती पोलीस ठाण्यातून सुटण्याआधी लेखी हरकत घ्या. मालकाने भरपाईपुरती हमी दिल्याशिवाय अशी गाडी सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. गाडी एकदा सुटली की मालकाचा फोन लागत नाही, हा आमच्या कामातला नेहमीचा अनुभव.

स्वतः टेम्पो चालवणाऱ्या आपल्या पोरांसाठी एक गोष्ट. थर्ड पार्टी विमा मालकाच्या स्वतःच्या मृत्यूसाठी नसतो. त्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कव्हर वेगळे असते. एजंटाने ते लावले की नाही, हे पॉलिसी उघडून पाहा. लायसन्सची मुदत संपली असेल तर ते कव्हरही अडचणीत येते.

दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. वकिलाला टक्केवारी कबूल करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध असला तरी अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही, त्यामुळे काउंटरवर कुणी 'तुम्ही तर बौद्ध' म्हणून परत पाठवू लागले तर हे वर्ष सांगा आणि जातीचा दाखला पुढे ठेवा.